मुमताजच्या लेकीचे कपडे

आकुर्डीच्या पुढे, मुंबई-पुणे रस्त्याला लागून हनीफ मिस्त्रीचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे काय, चार वाशांवर पत्रे, त्याखाली तेलाने काळी झालेली जमीन आणि मागे दोन खोल्यांचं घर. घरात हनीफ आणि त्याची बायको मुमताज. त्यांना एक मुलगी झाली होती, पण ती छठीच्या आतच गेली. नाव ठेवायलाही सवड मिळाली नाही. हनीफने तिला ओढ्याकाठच्या कबरस्तानात नेऊन ठेवलं, हात धुतले आणि दुसऱ्या दिवशी एका ट्रकचं इंजिन उतरवायला बसला. पुढे मूल झालं नाही. त्या मुलीबद्दल दोघं एकमेकांशी कधी बोललेही नाहीत.

बासष्ट सालच्या उन्हाळ्यात चाकणहून कांदा भरून निघालेला एक ट्रक गॅरेजसमोर येऊन बसला. चाकावरचा कमानपाटा तुटला होता. हनीफ खाली वाकून बघतोय तोवर ड्रायव्हर म्हणाला, "मिस्त्री, पाट्याचं राहू द्या, आधी वर बघा."

वर कांद्याच्या गोण्यांवर एक तरुण पडला होता. अंगात पायघोळ पांढरा झगा, घामाने चिकटलेला. डोळे उघडे, पण नजर कुठेच नाही.

"अरब हाय. शेठनं माल घ्यायला धाडलेला, गोदीत ह्यांचं गलबत उभं हाय. चाकणातच ताप भरला. आता मी ह्याला सांभाळू का कांदा? कांदा सडला तर मालक मला जित्ता ठेवनार न्हाई."

हनीफ मान खाजवत उभा राहिला. मुमताज पदर सावरत बाहेर आली, तिने त्या माणसाच्या पायाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा काढून घेतला. "आत घ्या त्याला," ती म्हणाली. तेवढंच.

ताप मुदतीचा निघाला. औषधांच्या कंपनीतल्या दवाखान्याचा कंपाउंडर ओळखीचा होता, तो येऊन सुई टोचून जाई. बाकी सगळं मुमताजचं. तांदळाची पेज, कपाळावर ओल्या घड्या, अंग पुसणं. सालेम त्याचं नाव. आखातातल्या कुठल्याशा बंदरातल्या व्यापाऱ्याचा तो कारकून. मुंबईत येऊन-जाऊन मोडकी हिंदी शिकलेला. पण तापात हिंदी कुठली? अरबीत काहीबाही बरळायचा. आणि मधूनच बाजेच्या पायथ्याकडे बघून हसायचा, एक बोट पुढे करायचा. रांगत्या मुलाने धरावं म्हणून आपण जसं करतो तसं. बोट बराच वेळ तसंच हवेत राही, हलके हलके हिंदकळे.

'घरी धाकटं भावंड असेल,' मुमताजने मनाशी म्हटलं, आणि तिकडे बघायचं टाळलं.

ताप उतरला. चाकणचा कांद्याचा व्यापारी बरकत त्याला न्यायला आला. सालेम उंबऱ्यावर उभा राहिला, छातीवर हात ठेवून म्हणाला, "बहन, मी विसरणार नाही." मग त्याची नजर खाली, मुमताजच्या पदराच्या टोकाकडे गेली आणि तो गोड हसला. मुमताजने चटकन खाली पाहिलं. पदर ताणलेला होता, दाराच्या खिळ्यात अडकावा तसा. पण तिथे खिळा नव्हता.

दोनेक वर्षांनी बरकत सालेमने पाठवलेलं एक पुडकं घेऊन आला. खजूर, हनीफला घड्याळ, मुमताजला शाल. आणि सगळ्यांत खाली पिवळा झबला-फ्रॉक, चिमुकले बूट.

"हे कुणाला?" हनीफने विचारलं.

"तुमच्या लेकीला. असंच म्हणाला त्याचा मुंबईचा माणूस."

"आम्हाला कुठली लेक!"

बरकत ओशाळला. "गफलत झाली असेल, मिस्त्री. परका मुलूख, तापात काय बघितलं काय ऐकलं. कुणाला तरी देऊन टाका."

मुमताजने ते कुणाला दिलं नाही. ट्रंकेत ठेवलं. पुढच्या साली फ्रॉक आला तो थोडा मोठा. त्याच्या पुढच्या साली आणखी थोडा. 'सालेमला खरं कळवून टाकू,' असं हनीफ एकदाच म्हणाला. मुमताज भाकरी थापत होती. तिने मान वर न करता पुढची भाकरी तव्यावर टाकली. हनीफ काय ते समजला. मग बरकत पुडकं आणी, चहा पिई, सालेमची खबर सांगे आणि जाई. लेकीचा विषय तोही काढत नसे.

खबर मात्र दरवेळी चढती. सालेमने कारकुनी सोडली, बंदराशी खलाशांसाठी मुसाफिरखाना काढला. "बिछाना आणि गरम पाणी, बस. पण जागा अशी धरली की गलबतावरून उतरलेला माणूस सरळ त्याच्याच दारात." मग त्या मुलखात तेल लागलं. गोऱ्या साहेबांना उतरायला जागा पुरेना. सालेमने वाळवंटात, जिथे कुत्रंही फिरकत नव्हतं तिथे हॉटेल बांधलं, लोक हसले, वर्षाच्या आत त्याच्या दारावरून सरकारने विमानतळाचा रस्ता नेला. "त्याला कसं कळतं कोण जाणे," बरकत म्हणायचा. "इंजिनियर एक जागा दाखवतात, हा भलतीकडेच जाऊन काठी रोवतो. आणि तिथेच सोनं." पुढे अनाथ पोरांसाठी शाळा, गावोगाव विहिरी, दवाखाने. मागणारा रिकाम्या हाताने परतत नाही, अशी त्याची ख्याती झाली.

इकडे आकुर्डीही बदलत होती. रानं गेली, कंपन्यांच्या भिंती आल्या, भोंग्यावर माणसं उठू-बसू लागली. हनीफच्या गॅरेजला सिमेंटचा कोबा झाला. आणि मुमताजच्या ट्रंकेतले कपडे परकरी पोरीचे झाले.

दुष्काळाच्या साली एक गोष्ट घडली. शेजारच्या सुभद्राबाई भर दुपारी हनीफच्या आडाचं पाणी न्यायला कळशी घेऊन आल्या. मुमताजचं बाळंतपण त्यांनीच केलेलं. मुमताज गॅरेजच्या सावलीत डाळ निवडत होती. सुभद्राबाई घराकडे बघत म्हणाल्या, "पावनी कोन आलीया गं?"

"कुणी नाही, मावशी."

"आगं, दारात हुबी हाय की. पाठमोरी. हिरवा झगा, केस इंचरतीया..." बोलता बोलता त्या थबकल्या. मुमताजने वळून पाहिलं. दार सताड उघडं होतं आणि दारात ऊन पडलं होतं, दुसरं काही नव्हतं.

हिरवा फ्रॉक त्याच वर्षी आला होता. मुमताजने तो कुणाला दाखवला नव्हता, हनीफलाही नाही. तिने आत जाऊन ट्रंक ओढली. फ्रॉक तळाशी होता, घडीसुद्धा मोडलेली नव्हती. सुभद्राबाई उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या. "मला म्हातारीला काय दिसतंय," त्या पुटपुटल्या आणि कळशी न भरताच गेल्या. नंतरही त्या पाण्याला यायच्या, पण घराला पाठ करून बसायच्या.

मुमताजला भीती वाटायला हवी होती. तिला वाटली ती आशा. कितीतरी दुपारी ती हातातलं काम टाकून त्या दाराकडे बघत बसली. चूल विझली, दूध उतू गेलं. दारात कुणी आलं नाही.

एकोणऐंशीच्या हिवाळ्यात सालेम स्वतः आला. गॅरेजसमोरच्या धुळीत लांबलचक पांढरी मोटार, मागे बरकतची जीप. कंपन्यांत परदेशी इंजिनियर येत होते, त्यांच्यासाठी रस्त्याकडेला मोठं हॉटेल बांधायचं, असा बेत. गावातल्या लक्ष्मणरावांचं ओढ्याकडचं रान नजरेत होतं. पोरासोरांनी मोटारीला गराडा घातला. सालेम उतरला तो थोराड, दाढीत पांढऱ्या छटा. पण छातीवर हात तसाच ठेवला. "मुमताजबहन."

आत बसल्यावर त्याने एक खोका पुढे सरकवला. लाल जरीचे कपडे होते, नवरीचे.

"ती कुठे आहे?" त्याने आजूबाजूला पाहिलं. "लग्न झालं का? मला न कळवता?"

हनीफने खाली मान घातली. "शेठ, एवढी वर्षं आमची चूक झाली. आम्हाला मुलगी नाही. एक झाली होती, तुम्ही यायच्या आधीच गेली. पाळण्यात घातलीच नाही तिला."

सालेम हसला, कुणी थट्टा करावी तसा. मग मुमताजच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हसू थिजलं. "पण मी तिला पाहिलंय. या इथे, बाजेचा काठ धरून चालायची. माझं बोट धरायची. तुम्ही हाक मारलीत की तुमच्याकडे पळायची."

"मी?" मुमताज म्हणाली. "मी कोणत्या नावाने हाक मारायची?"

"परवीन."

हनीफने चमकून बायकोकडे पाहिलं. हे नाव त्याने कधी ऐकलं नव्हतं. पोटुशी असताना मुमताजने ते मनातल्या मनात ठरवलं होतं. मूल हाती येण्याआधी नाव उच्चारू नये म्हणून ओठांवर येऊ दिलं नव्हतं. नंतर उच्चारायला काही उरलंच नाही. झोपेत बोलली असेल का ती? आजाऱ्याच्या उशाशी डुलकी लागली असताना?

मग तिने विचारलं, "माप कुठून आणत होतात?"

"दर वर्षी दिसायची," सालेम हळू म्हणाला. "दिवसाढवळ्या. मुसाफिरखान्याची जागा शोधत होतो तेव्हा किनाऱ्यावर उभी होती. पाच-सहा वर्षांची. जिथे उभी होती तिथे मी पाया घातला. वाळवंटातही तीच. हॉटेलच्या खोल्यांमधल्या बोळातून माझ्यापुढे चालते, एखाद्या खोलीत शिरते; दार उघडावं तर खोली रिकामी. तिचा खांदा माझ्या अंगाला कुठवर लागतो ते मी बघून ठेवायचो आणि शिंप्याला सांगायचो. मला वाटायचं, दूरदेशीच्या भाचीची आठवण माणसाला अशी दिसते. गेल्या वर्षापासून दिसली नाही. वाटलं, सासरी गेली."

हनीफने कानाच्या पाळ्यांना हात लावला. पण मुमताज उठून उभी राहिली होती. भयाने नव्हे, रागाने.

"सतरा वर्षं तुम्हाला दिसली," ती म्हणाली. "परक्याला. मी दाराकडे डोळे लावून बसले, मला एकदा नाही. का? मी काय केलं होतं तिचं?"

एवढा मोठा माणूस, पण त्याने मान खाली घातली. तो म्हणाला, "बहन, तुम्ही हाक मारलीत तेव्हा बाजेवर मी होतो. ती आली आणि तिला मीच सापडलो. माझा काही इरादा नव्हता."

मुमताज आत गेली आणि तिने दार लोटून घेतलं. 

संध्याकाळी सालेमने हनीफला कबर दाखवायला सांगितली. दाखवायला काही नव्हतं. गवत आणि एक बाभूळ. मुमताज फाटकापर्यंत आली, बाया आत जात नसत. तिथून तिने पाहिलं, सालेम गवतात अनवाणी उभा होता आणि पलीकडच्या लक्ष्मणरावांच्या रानाकडे टक लावून बघत होता. परत आला तेव्हा त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. ती दिसे तिथेच तो पाया घाली, हे आता मुमताजला ठाऊक होतं. तो बरकतला म्हणाला, "इथे हॉटेल होणार नाही. इथे बाळंतिणींचा दवाखाना होईल."

लोक म्हणाले, अरबशेठचं डोकं फिरलं. पण गावातल्या चार शहाण्यांचा ट्रस्ट झाला, परवानग्यांचे हेलपाटे झाले आणि एक्याऐंशीत दगडी जोत्याची बैठी इमारत उभी राहिली. नाव काय द्यायचं म्हणून मुमताजला विचारलं. ती म्हणाली, "काही नको." मग गावानेच त्याला 'अरबाचा दवाखाना' म्हणायला सुरुवात केली. मुमताजने तिथे आयाची नोकरी धरली. हनीफ म्हणाला, पोटाला कमी आहे का? तिने ऐकलं नाही. तिथल्या बोळातून ती दिवसभर ये-जा करी आणि वळणावर क्षणभर थांबे. हनीफला ठाऊक होतं ती का थांबते.

दुसऱ्या वर्षी, पावसाळा सरता सरता बरकत दवाखान्यातच आला. सालेम वारला होता. आपल्याच हॉटेलच्या बोळात, चालता चालता. नोकरांनी सांगितलं, शेठ कुणाच्या तरी मागे घाईने निघाले होते, "थांब, थांब" म्हणत. पुढे कुणी नव्हतं.

मुमताज भिंतीला टेकली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घरी जा आज." ती म्हणाली, "तळवड्याची बाई सकाळपासून अडलीय, बाई. मी कुठे जाऊ?"

आत टेबलावरची बाई, शालन, कळांनी पिळवटून गेली होती. मुमताजने तिचा हात धरला. शालनने मान वळवली आणि कोपऱ्याकडे बघून चिडून म्हणाली, "त्या पोरीला बाहेर काढा की वो. कवाधरनं बघत हुबी हाय."

नर्स ट्रे खाली ठेवून दाराकडे सरकली. मुमताजने कोपऱ्याकडे पाहिलं. चुन्याची भिंत होती, पाण्याचा हंडा होता. तिने नीट पाहिलं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत पाहिलं. भिंतच होती.

तिला आता राग आला नाही. ती घरच्या पोरीला सांगावं तसं, साध्या आवाजात म्हणाली, "सरक गं जरा, खिडकीतून वारा येऊ दे बाईला."

शालनचा हात सैल पडला. "गेली," ती म्हणाली, आणि पुढच्या कळेला मूल झालं. मुलगा होता, खणखणीत रडला. दुसऱ्या दिवशी शालनला यातलं काहीच आठवत नव्हतं.

मुमताज पुढे बरीच वर्षं त्या दवाखान्यात राहिली. काम करता करता मधूनच ती कुणाशी तरी दोन शब्द बोले. हे उचल म्हणे, तिथे भिजू नकोस म्हणे. नव्या नर्सा तोंडाला पदर लावून हसत. जुन्या हसत नसत, त्या बोळातून जाताना एका अंगाने चालत.