मार्सियेमच्या पेशी

बू वेनिंग यांच्या हाताखाली मी तेवीस वर्षं पेशी वाढवायचं काम केलं. सेमारांगच्या विद्यापीठात, इस्पितळामागच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर आमची प्रयोगशाळा. आमच्याकडे बाईंना मानानं बू म्हणतात. बू मूळच्या कुदुसच्या. त्यांची आई कारखान्यात लवंगी सिगरेटी वळायची. चार बहिणींत या एकट्या शिकल्या. जपानातून डॉक्टरेट घेऊन आल्या तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता या जकार्ताला जाणार. पण त्या इथेच राहिल्या. लग्न केलं नाही. का ते मी विचारलं नाही आणि त्यांनीही कधी सांगितलं नाही.

त्यांचा विषय अंडाशयाचा कॅन्सर. त्यातही एक जात अशी आहे की ती आमच्या भागातल्या बायकांत जास्त दिसते आणि औषधाला दाद देत नाही. पेशीच्या आत नेमकं काय बिघडतं, कुठलं जनुक बंद पडतं, हे बूंना शोधायचं होतं. त्यासाठी रोग्याच्या पेशी शरीराबाहेर जिवंत ठेवाव्या लागतात, आणि त्या सहसा राहत नाहीत. एकीमागून एक बाई, बाटलीमागून बाटली. पंधरा-वीस दिवसांत सगळं मरून तरंगायला लागायचं.

मार्सियेमच्या पेशी तेवढ्या जगल्या. मार्सियेम ही बंदराजवळच्या वस्तीत माशांना धुरी द्यायचं काम करणारी बाई. ऑपरेशनच्या वेळी तिच्या पोटात साठलेलं पाणी आम्हाला मिळालं; त्यातच पेशी असतात. ती त्यानंतर चार महिन्यांनी गेली. तिच्या पेशी पहिले दोन महिने मरगळून पडल्या होत्या, आणि मग एका आठवड्यात अशा फोफावल्या की बाटल्या पुरेनात. बूंनी त्यांना नाव दिलं मार-सात. त्यांच्यावर बूंचे चार निबंध छापून आले, पाच प्रयोगशाळांनी त्या मागून नेल्या.

मार्सियेमच्या भट्टीवर पुढे तिची मुलगी रोफिआ बसू लागली. दर वर्षी लेबारानची ईद झाली की रोफिआ केळीच्या पानात बांधून मासे घेऊन यायची आणि पेशी बघायला मागायची. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून म्हणायची, "यंदा आई फार दाटीवाटीनं बसलीय, बू. जरा मोठी खोली द्या तिला." बू हसायच्या. प्रयोगशाळेत खाणं आणायला बंदी, म्हणून जिन्याच्या पायरीवर बसून बू आणि मी ते मासे भाताबरोबर संपवायचो.

एका वर्षी तिनं विचारलं, हा रोग मलाही होईल का. बूंनी मार-सात तपासल्या. आईकडून मुलीकडे उतरणारा दोष त्यांत नव्हता. त्यांनी रोफिआला सांगितलं, निर्धास्त राहा. ती निर्धास्त राहिली.

पाचव्या निबंधाच्या वेळी छापणाऱ्यांनी अट घातली की या पेशी ज्या बाईच्या म्हणता, तिच्याच आहेत याचा दाखला जोडा. नवा नियम होता, सगळ्यांनाच लागू. पेशींचा नमुना आणि इस्पितळात ठेवलेला मार्सियेमच्या गाठीचा तुकडा मीच बांधून पाठवले. तिसऱ्या आठवड्यात उत्तर आलं. आमच्या पेशींची जनुकांची खूण मार्सियेमशी जुळत नव्हती. ती जुळत होती जगभर वापरल्या जाणाऱ्या, कुणा दुसऱ्याच बाईच्या जुन्या, भराभर वाढणाऱ्या पेशींशी. त्या अंडाशयाच्याही नव्हेत, गर्भाशयाच्या तोंडाच्या. आमच्या शेजारच्या खोलीत त्या कायम असायच्या.

बूंनी कागद दोनदा वाचला आणि गोठवून ठेवलेल्या जुन्या कुप्या काढायला सांगितल्या. अठरा वर्षांच्या कुप्या आम्ही एकेक करून तपासून घेतल्या. फक्त पहिली, बाराव्या दिवसाची कुपी मार्सियेमची होती. तिच्यातलं सगळं मेलेलं. दहाव्या आठवड्यापासून पुढे सगळ्या दुसरीच्या. परक्या पेशी शिरायला एक थेंब पुरतो, न बदललेली एक नळी पुरते. मार्सियेमच्या पेशी मरत होत्या, त्यांच्या जागी या वाढल्या, आणि आम्ही त्या आनंदात सगळ्या मजल्याला भजी खाऊ घातली होती.

त्या आठवड्यांच्या नोंदी माझ्या अक्षरात आहेत. बूंनी वही माझ्यासमोरच उघडली, तारखा उतरवून घेतल्या आणि मिटली.

मी म्हटलं, "बू, तेव्हा मी दोन्ही खोल्यांत काम करत होते."

"ठाऊक आहे, तार्मी. माणसं कमी होती."

एवढंच. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

विभागप्रमुखांनी बोलावलं तेव्हा वह्या घेऊन मीही गेले होते. त्यांनी गोड चहा मागवला. माणूस वाईट नव्हता. त्यांचं म्हणणं, निबंध मागे घेतले तर विद्यापीठाचं नाव खराब होईल. बूंच्या निवृत्तीला चार वर्षं राहिली आहेत. पाचवा निबंध पाठवू नये, पेशी गुपचूप बंद कराव्यात, म्हणजे झालं. शेवटी ते म्हणाले, "तुम्हाला कुणी विचारलंय का, बू?"

"मी एका बाईला निर्धास्त राहा म्हणून सांगून बसलेय," बू म्हणाल्या.

चारही निबंध त्यांनी मागे घेतले. पेशी नेलेल्या पाचही प्रयोगशाळांना पत्रं लिहिली. दोघांचं उत्तर आलंच नाही. मनिलातल्या एका विद्यार्थिनीचं तीन वर्षांचं काम मार-सातवर उभं होतं. तिच्याशी बू तासभर फोनवर बोलल्या.

रोफिआकडे आम्ही दोघी गेलो. रस्त्यावर भरतीचं पाणी आलेलं, चपला हातात घेऊन चालावं लागलं. रोफिआ भट्टीपुढे बसून मासे उलटत होती. बूंनी बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. ती उलटतच राहिली.

"म्हणजे मी इतकी वर्षं परक्याच बाईला आई म्हणत होते?"

"हो."

"आणि आई?"

"दोनेक महिन्यांत संपली. आमच्या हातून."

"मी गल्लीभर सांगितलंय, बू. पोरींना सांगितलंय की तुमची आजी अजून इस्पितळात कामाला आहे. आता त्यांना काय सांगू?"

 बूंनी पुढचं सांगितलं. त्या वेळी जो निर्वाळा दिला तोही त्या परक्या पेशींवरूनच दिला होता, तेव्हा तो धरू नकोस. रक्त तपासायला हवं. रोफिआनं तेव्हा कुठे चिमटा खाली ठेवला.

"मला दोन पोरी आहेत."

"म्हणून तर आले."

ती येऊन रक्त देऊन गेली. बाहीला धुराचा वास येत होता. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. निकालाला सहा आठवडे लागले, आणि त्या दिवसांत बू रोज सकाळी टपाल बघायला स्वतः खाली उतरायच्या. गुडघे दुखायचे, तरी. निकाल आला: दोष नाही.

बूंनी तिला बोलावून कागद हातात दिला आणि समजावलं की तरीही वर्षातून एकदा तपासून घेत जा. रोफिआनं कागद घडी करून ओढणीच्या टोकात बांधला.

"तुम्ही तेव्हा सांगितलं होतं ते खरंच होतं की मग."

"खरं निघालं. मला माहीत नव्हतं, रोफिआ. माहीत नसताना सांगितलं होतं."

ती बरं म्हणाली आणि गेली. त्यानंतरच्या लेबारानला ती आली नाही. मी बाजारात कधीमधी भेटते तिला. ती विचारपूस करते, मासेही चांगले निवडून देते. पेशींचा विषय दोघीही काढत नाही.

राहिलेली वर्षं बूंनी इस्पितळाच्या कोठीतले मेणाचे ठोकळे धुंडाळण्यात घालवली. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठींचे तुकडे मेणात बसवून ठेवलेले असतात. त्यांना मरायचं भय नाही. त्रेचाळीस बायकांचे ठोकळे आम्ही कापले. एकोणीस जणींत एकच जनुक मोडलेलं सापडलं. हे इतर देशांत आधीच कळलेलं होतं. बूंनी दोन पानांचं टिपण लिहिलं, आमच्या बायकांतही तसंच आहे म्हणून. ते एका लहानशा नियतकालिकात आलं. कुणी फार वाचलं असेल असं वाटत नाही. मी ठोकळ्यांचे क्रमांक मात्र तीनतीनदा ताडून पाहिले होते.

निवृत्तीला कुणी भाषण केलं नाही. डबे आले, आम्ही जेवलो, त्यांनी आपली कात्री आणि चष्मा पिशवीत टाकला. आता त्या कुदुसला धाकट्या बहिणीकडे असतात.

मी अजून तिथेच आहे. आता मजल्यावरच्या सगळ्या पेशींची दर तीन महिन्यांनी ओळख पटवतात. गेल्या महिन्यात देमाकच्या एका शिक्षिकेच्या पेशी आल्या. बाराव्या दिवशी मेल्या, पण शेवटपर्यंत तिच्याच होत्या. मी बूंना फोन करून सांगितलं.

"बरं," त्या म्हणाल्या, आणि मग बहिणीच्या मोतीबिंदूसाठी आमच्या इस्पितळात कुठला डॉक्टर चांगला ते विचारू लागल्या.