चेअरमनचं भाषण खाणारा कॉम्प्युटर

"मगदूम, माझं भाषण माझ्याच कारखान्यानं खाल्लं!"

चेअरमननी टेबलावरचा ट्रान्झिस्टर माझ्याकडे ढकलला. मी उभाच होतो. बसा म्हणायच्या मनःस्थितीत कोणी नव्हतं.

झालं होतं असं. चेअरमन सांगलीच्या रेडिओ केंद्रावर जाऊन ऊस लागवडीवर भाषण रेकॉर्ड करून आले होते. आठवडाभर आधी गावोगाव निरोप गेले. त्या संध्याकाळी देवळात, तालमीत, सोसायटीच्या ओट्यावर रेडिओ मांडले गेले. "नमस्कार, शेतकरी बंधूंनो" एवढं नीट ऐकू आलं आणि पुढं नुसतं घर्रर्र. लांबच्या गावांत मात्र भाषण खणखणीत पोचलं. म्हणजे ज्यांची मतं चेअरमनना हवी होती तेवढे सोडून बाकी सगळ्या मुलखानं भाषण ऐकलं.

हा घर्रर्र साखर कारखान्याच्या नव्या कॉम्प्युटरचा होता, आणि तो कॉम्प्युटर आमच्या कंपनीचा. सत्तरचं दशक संपत आलं होतं. कराडच्या आसपास कॉम्प्युटर म्हणजे एवढी नवलाई, की लोक तो बघायला येताना नारळ घेऊन यायचे. मी सर्व्हिस इंजिनियर. नारळ त्याला, शिव्या मला.

"आणि हे बघा," चेअरमननी एक कागद पुढं केला. वायरलेस खात्याचं पत्र होतं. रेडिओ केंद्राकडं तक्रारी गेल्या होत्या, त्या तिकडून खात्याकडं. येत्या गुरुवारी मुंबईहून इन्स्पेक्टर येणार, मोजमाप घेणार. मशीनचा गोंगाट कुंपणाबाहेर सापडला, तर दुरुस्त होईपर्यंत मशीन बंद.

"ऐन गळितात बंद पडलं तर तुमी कंपनीत राहनार न्हाई, आन् मी हितं," चेअरमन म्हणाले. दोन्ही खरं होतं.

मशीन गोंगाट का करतं, ते सांगतो. कॉम्प्युटरच्या पोटात एक घड्याळ असतं. ते सेकंदाला लाखो ठोके देतं आणि त्या तालावर आतले सगळे भाग काम करतात. दर ठोक्याला तारांतून थोडी वीज धावते, आणि धावता धावता थोड्या रेडिओलहरी बाहेर सांडते. रेडिओ केंद्र हेच काम लायसन घेऊन, मुद्दाम करतं. कॉम्प्युटर ते फुकटात करतो. ट्रान्झिस्टरला बिचाऱ्याला दोघांतला फरक कळत नाही. म्हणून मशीन लोखंडी कपाटात ठेवतात आणि कपाट तारेनं जमिनीला जोडतात, त्याला अर्थिंग म्हणतात. नियम एवढाच, की तुमच्या घरातला गोंगाट शेजाऱ्याला ऐकू जाता कामा नये. आपल्याकडे हा नियम माणसांनाही कोणी लावलेला नाही, पण ते असो.

गोंगाट मोजायचं यंत्र आमच्या कंपनीकडे होतं, पण मुंबईला, आणि ते फक्त मोठ्या गिऱ्हाइकांकडे जायचं. मी चेअरमनचाच ट्रान्झिस्टर उचलला, दोन स्टेशनांमधल्या रिकाम्या जागी काटा लावला आणि खांद्यावर धरून कारखानाभर फिरायला लागलो. जिथं घर्रर्र वाढेल तिथं गळती.

"गानी ऐकायचा पगार मिळतोय व्हय, सायेब?" वॉचमननं विचारलं.

सगळ्यात मोठा आवाज विजेच्या तारांखाली येत होता. म्हणजे मशीनचा गोंगाट तारांत शिरत होता आणि तारा तो गावभर वाटत होत्या. तारेमागोमाग मी गेटबाहेर पडलो, तर समोर मौलाभाईचं हॉटेल. हॉटेल म्हणजे पत्र्याची शेड, दोन बाकडी, चहा आणि भजी. फळीवर रेडिओ ठेवलेला आणि त्यातून कोणी लोखंड खरवडावं तसा आवाज येत होता. पाच-सहा शेतकरी तो आवाज मन लावून ऐकत बसले होते. रेडिओ बंद करायचं कोणाच्या मनात दिसत नव्हतं.

बाकड्याच्या टोकाला डोक्यावर पदर घेतलेली, चाळिशीची एक बाई बसली होती. हौसाक्का. नवरा फौजेत सुभेदार, बॉर्डरवर. घर, सासरा आणि ऊस हिच्या अंगावर.

मी थाटात जाहीर केलं, "मौलाभाई, गुरुवारपासून तुमचा रेडिओ स्वच्छ वाजेल."

कोणी खूश झालं नाही. मौलाभाईनं भज्यांचा झारा कढईतच ठेवला.

"रेडिओचं लायसन मी भरतोय," तो म्हणाला. "माजा रेडिओ कसा वाजायचा ते मी बघीन की."

"आवं सायेब, कुनी सांगितलंय तुमाला त्यो नीट करायला?" हौसाक्कानं विचारलं. "हाय तसा ब्येस हाय त्यो."

मग त्यांनी मला जे सांगितलं, ते कुठल्याही कोर्सला शिकवत नाहीत.

कारखान्याला ऊस घालायचा तर तोडचिठ्ठी लागते. ती मिळाल्याशिवाय तोडणीची टोळी शेतात येत नाही. चिठ्ठ्या लागवडीच्या तारखेप्रमाणे निघाव्यात म्हणून तर कॉम्प्युटर आणला होता. पण छापलेल्या चिठ्ठ्या शेतकी ऑफिसर निकम यांच्या हातात पडायच्या. आपल्या माणसांच्या चिठ्ठ्या ते वाटायचे. बाकीच्यांना एकच उत्तर, "कॉम्प्युटर बंद हाय. मी तरी काय करू?" नवीन यंत्र, त्याच्याशी हुज्जत कोण घालणार?

मग एके दिवशी मौलाभाईच्या लक्षात आलं, की कॉम्प्युटर बंद असल्याचं निकम सांगतात तेव्हाही रेडिओ बोंबलत असतो.

"आता तर लय सोपं झालंय," हौसाक्का म्हणाली. "नुसतं मशीन चालू असलं की बारीक किरकिर. चिठ्ठ्या छापाय लागलं की टर्र टर्र टर्र. टर्र टर्र आली की आमी हापिसात. 'बंद हाय म्हंतासा, मग रेडिओ का वरडतोय?' दोघातिघांच्या चिठ्ठ्या अशाच निघाल्या की."

"आणि तुमची?"

तिची निघाली नव्हती. तिचा ऊस आडसाली, म्हणजे पावसाळ्यात लावलेला, दीड वर्षाचा. त्याची पाळी केव्हाच होऊन गेली होती. उसाला तुरा आला होता. तुरा आला की ऊस आतून पोकळ पडत जातो आणि वजन घटतं. तिच्या मागून लावलेल्यांचे फड रिकामे झाले होते. मागच्या सभेला सुट्टीवर आलेल्या सुभेदारांनी निकमना सगळ्यांसमोर एक प्रश्न विचारला होता. प्रश्न विचारणारा बॉर्डरवर परत गेला. ऊस इथेच राहिला.

"अजून पंधरा दिस ऱ्हायला तर चुलीत घालायच्या लायकीचा व्हईल," ती म्हणाली. "तवा सायेब, तुमच्या पाया पडते, रेडिओला हात लावू नगा."

मी तिला समजावलं, की रेडिओ असाच राहिला तर गुरुवारी मशीनच बंद होईल. मग चिठ्ठ्या हातानं लिहिल्या जातील, आणि लिहिणार निकमच.

"म्हंजी इकडं आड, तिकडं विहीर," मौलाभाई म्हणाला.

मी परत मशीनच्या खोलीत आलो आणि कपाटाचं दार उघडलं. हसावं की रडावं कळेना. आमची कंपनी ही कपाटं राखाडी रंगाची पाठवायची आणि दाराच्या कडा मुद्दाम बिनरंगाच्या ठेवायची. दार मिटलं की पत्र्याला पत्रा भिडला पाहिजे, तरच लहरी आत अडकतात. इथं कपाट आतूनबाहेरून झेंडूसारखं पिवळं होतं. ऑइलपेंटचे दोन हात, कडांसकट. कपाट दिसायला बंद आणि लहरींच्या दृष्टीनं सताड उघडं. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी बैलगाड्यांवर नंबर टाकणाऱ्या रंगाऱ्यानं हे काम केलं होतं.

"मीच सांगितलं," विचारल्यावर चेअरमन म्हणाले. "राखाडी रंग मयताच्या घरला बरा. ही लक्ष्मीची खोली हाय."

"साहेब, रंग राहू द्या. मी फक्त दाराच्या कडा खरवडतो."

"मला दिसतील?"

"दार बंद असेल तर नाही."

"मग खरवडा."

दुसरं दुखणं अर्थिंगचं. जमिनीत खड्डा करून तांब्याची पट्टी पुरतात, भोवती मीठ आणि कोळसा घालतात आणि वरून पाणी सोडत राहतात. आमचा खड्डा खडखडीत कोरडा होता. पट्टीच्या वर आलेल्या टोकाला वॉचमननं शेळी बांधली होती. शेळी हलवली.

तिसरं काम फिल्टरचं. फिल्टर ही विजेची चाळण असते. घरातली साधी वीज आत येऊ देते, मशीनचे लाखो ठोके तारेत परत जाऊ देत नाही. कुपवाडच्या वसाहतीत माझ्या मित्राचं छोटं वर्कशॉप होतं. त्यानं कॉइल गुंडाळून डबा तयार केला आणि गोणत्यात घालून एस.टी.नं कराडला पाठवला. कंडक्टरनं त्याचं लगेजचं तिकीट फाडलं.

या सगळ्यात निकम मला एकाएकी फार मदत करायला लागले. खड्ड्याला पाण्याचा टँकर त्यांनी आणवला. माझ्यासाठी गुळाची ढेप आली. "एकदम गप करा बघा त्याला," ते पुन्हा पुन्हा सांगत होते. मशीनचा गोंगाट बंद व्हावा म्हणून इतका तळमळणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

बुधवारी दुपारी मी ट्रान्झिस्टर घेऊन कुंपणाला फेरी मारली. चिडीचूप. मौलाभाईच्या रेडिओवर भावगीत लागलं होतं आणि बाकड्यांवरचे लोक सुतकात बसल्यासारखे ते ऐकत होते.

तासाभरात हौसाक्का गेटावर माझ्यासमोर उभी.

"निकमसायेब म्हनत्यात मशीन बंद हाय. चार दिस लागतील."

मी त्या चालू मशीनपाशीच दिवसभर बसलो होतो. छपाईही झाली होती.

"तुमी लय हुशार, सायेब," ती म्हणाली. "आमचा एकच साक्षीदार हुता. त्याचं त्वांड शिवलासा."

ती तरातरा निघून गेली. मला निकमचा संताप आला आणि माझी लाज वाटली. आयुष्यात इतकं सफाईदार काम मी केलं नव्हतं, आणि त्याचा फायदा एकट्या निकमला होत होता. चेअरमनना जाऊन सांगावं, तर निकम त्यांच्या बहिणीचा दीर. मी बाहेरचा, तोही कंपनीचा माणूस. माझ्या शब्दाला किंमत शून्य.

गुरुवारी इन्स्पेक्टर आले. गंभीर गृहस्थ. जीपमधून एक जड पेटी आणि तांब्याचं मोठं कडं निघालं. ते कडं सगळीकडं फिरवून त्यांनी कुंपणाबाहेर चार बाजूंनी माप घेतलं, मशीन चालू, प्रिंटर चालू. मग चष्मा पुसला आणि म्हणाले, "ठीक आहे. पास."

चेअरमननी माझ्या पाठीवर थाप मारली. मी संधी साधली.

"साहेब, एक राहिलं. उद्या पुन्हा कोणाचा रेडिओ खरखरला, तर आळ आपल्यावरच येणार. तेव्हा आपलं मशीन चालू होतं की बंद, हे लोकांना कळायला नको? गेटाच्या खांबावर एक लाल दिवा लावू. मशीन चालू असेल तेवढाच वेळ पेटेल."

"कशाला उगं वायर घालवायची?" निकम घाईनं म्हणाले.

"कल्पना चांगली आहे," इन्स्पेक्टर म्हणाले. "मी रिपोर्टमध्ये शिफारस करतो."

चेअरमननी निकमकडं बघितलंही नाही. "पुढल्या म्हैन्यात माझं दुसरं भाषण हाय. लावा दिवा."

पाहुणे जेवायला बसले तेवढ्यात इलेक्ट्रिशियननं वायर ओढली. मी मौलाभाईला जाऊन दिव्याचा अर्थ सांगून आलो. एवढंच केलं.

जेवून मंडळी जीपपाशी आली तेव्हा खांबावर दिवा लालभडक पेटला होता आणि त्याच्याखाली हौसाक्का उभी होती. मागं हॉटेलातलं सगळं गिऱ्हाईक.

"चेअरमनसायेब," ती म्हणाली, "ह्यो दिवा कशाचा वो?"

"कॉम्प्युटर चालू हाय त्याचा," चेअरमन कौतुकानं म्हणाले.

"मग निकमसायेब सकाळधरनं सांगत्यात की त्यो बंद हाय. चिठ्ठी मिळंना. माझा ऊस तुऱ्याला येऊन वाळाय लागलाय."

चेअरमन निकमकडं वळले. निकम म्हणाले, "आत्ताच चालू झालं असंल."

"छे छे," इन्स्पेक्टर म्हणाले. "सकाळपासून चालूच आहे. त्याशिवाय मी माप कशाचं घेतलं?"

बिचाऱ्यांना भानगडीचा पत्ता नव्हता. आपल्या मोजमापावर कोणी शंका घेतंय, एवढंच त्यांना वाटलं असावं. पण मुंबईच्या सरकारी साहेबासमोर चेअरमनना गप्प बसणं शक्य नव्हतं. बहिणीच्या दिराला त्यांनी तिथंच असं काही झाडलं, की इन्स्पेक्टर जीपमध्ये चढायचं विसरले.

हौसाक्काची चिठ्ठी त्याच दुपारी तिच्या हातात पडली आणि सोमवारी फडात टोळी शिरली. ऊस कारखान्यात गेला, पण वजनाला हलका भरला. जे घटायचं ते घटून गेलं होतं. तिनं माझे आभार मानले नाहीत. "दोन म्हैनं आदी लावला असतासा दिवा, तर बरं झालं असतं," एवढं म्हणाली. मलाही तेच वाटत होतं.

पुढच्या गळिताला मी मशीनच्या तपासणीला गेलो. कुंपणाबाहेर आवाजाचा मागमूस नव्हता. लाल दिवा झकास पेटलेला. हौसाक्का हॉटेलात भेटली.

"दिव्याचं काम लय चोख हाय, सायेब. आता निकमसायेब मशीन बंद हाय म्हनतच न्हाईत."

"मग काय म्हणतात?"

"मशीन चालू हाय, पन कागद संपलाय म्हनत्यात. कागदाचा दिवा कवा लावताय?"

आमच्या नियमांच्या पुस्तकात मशीनमधून काय बाहेर पडू नये, तेवढंच लिहिलेलं असतं. काय बाहेर पडायलाच पाहिजे, ते अजून गेटावर उभं राहूनच बघावं लागतं.