नावाड्याची भवानी

जव्हारच्या शाळेत मास्तर असताना मी आठवड्यातून दोनदा नदी ओलांडून मोखाड्याकडे जात असे. अलीकडचा काठ संस्थानचा, पलीकडचा इंग्रज सरकारचा. म्हणजे आमचा विशीतला नावाडी दिवसातून वीसदा परदेशी जाऊन येई! हा विनोद मी त्याला प्रत्येक खेपेला ऐकवी आणि तो प्रत्येक खेपेला हसे. गिऱ्हाइकाच्या विनोदाला हसायचं असतं, एवढं त्याला कळत होतं.

पलीकडे बंगल्यात एक इंजिनियर साहेब राही. त्याने आपली शर्यतीची होडी डोहात आणली होती, भेंडीच्या शेंगेसारखी अरुंद. नावाड्याचे दंड पाहून त्याने त्याला तिच्यात बसवलं, तेही उलट्या तोंडाने, जायच्या दिशेला पाठ करून.

"मास्तर, मसणातून येताना पन आपन मागं बघत नाय," नावाडी कुरकुरला. "आन हितं जाताना सगळा वेळ मागंच बघायचं?"

महिन्याभरात त्याने साहेबाला मागे टाकलं. त्याच्याकडे तोंड करूनच टाकलं, हा त्या उलट्या बैठकीचा फायदा.

पण साहेब लोकांच्या क्लबांचा नियम होता, की वल्हवण्याबद्दल ज्याने कधी पैसाही घेतला असेल, त्याला शर्यतीत जागा नाही. हौसेने घाम गाळील तो सभ्य, पोटासाठी गाळील तो मजूर. तेव्हा साहेबाने त्याला जमीनदाराचा मुलगा ठरवला, आणि त्या नाटकाचा सूत्रधार मी झालो. वा! काय दिवस होते! साहेब आला तरी खुर्चीतून उठायचं नाही, स्वतःचं गाठोडं उचलायचं नाही, कुणी हाक मारली तर 'आलो' म्हणून धावायचं नाही, हे मी त्याला छडी घेऊन शिकवलं. बुटांनी त्याच्या टाचा सोलून निघाल्या. तो लंगडत चालला की मी त्याची नक्कल करी आणि सगळा वर्ग लोटपोट हसे.

तो कोलंबोला गेला आणि तिथल्या गोऱ्यांना हरवून आला. आता विलायतेची शर्यत होती. त्याआधी क्लबाचे दोन साहेब आमच्या या जमीनदाराला घरी पाहायला येणार होते.

"एवढं पार पडू दे मास्तर," तो म्हणाला. "'ए होडीवाल्या' ऐकून कान किटले माझे. साहेब बोललाय, तिकडून आलो की मुंबईला नोकरी. परत या होडीत पाय नाय ठेवायचा."

क्लबाचे दोघे साहेब सकाळी आले आणि पलीकडे जायला आमच्याच होडीत बसले. वल्ह्यावर नावाड्याचा चुलतभाऊ होता. आमचा जमीनदार कोट-बूट घालून उतारू म्हणून बसला होता, माझ्या शेजारी. मधल्या ओढीत चुलतभावाने होडी आडवी घातली, तसा हा उठला आणि त्याच्या हातातून वल्हं घेऊन चार हातांत तिला काठाला लावली. दोघे साहेब टाळ्या वाजवू लागले. सगळं जमलं होतं.

आणि मला लहर आली. इतका सुंदर प्रवेश, आणि त्यात मला एक वाक्य नसावं? मी खिशातून आणा काढला, त्याच्याकडे उडवला आणि नाटकी आवाजात म्हणालो, "घ्या जमीनदार, तुमची भवानी!"

भवानी म्हणजे दिवसाची पहिली कमाई. ती कुणी नाकारत नाही. त्याने आणा वरच्यावर झेलला, वल्ह्याला लावला, कपाळाला लावला आणि कमरेला खोचला. कमरेला धोतर नव्हतं, विजार होती. आणा घरंगळून फळीवर वाजला.

साहेब हसले. एक थोडा उशिरा हसला आणि आधी थांबला. उभी हयात त्याने कोकणातल्या कचेऱ्यांत काढली होती. तो स्वच्छ मराठीत, अगदी मायेने म्हणाला, "सकाळपासून पहिलीच का रे?"

"हो साहेब," नावाडी म्हणाला, "पहिलीच."

मग त्याच्या ध्यानात आलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. खोटं सांगत नाही, मला त्या वेळीही हसू आवरेना.

साहेबांनी चहा घेतला, कोंबडी खाल्ली आणि दुपारी ते परतले. त्यांना अलीकडे नावाड्यानेच आणून सोडलं, अनवाणी. उतरताना त्या मराठी येणाऱ्या साहेबाने भाडं फळीवर मोजून ठेवलं.

ही गोष्ट मी लग्नांत, मुंजींत सांगत आलो आहे. हशा हमखास. फक्त नदीवर ती सांगता येत नाही. नावाडी अजून तोच आहे, आता केस पांढरे व्हायला लागलेत. काठावर मी 'ए होडीवाल्या' म्हणून ओरडतो. तो लगेच येतो, पलीकडे नेतो, माझ्या विनोदाला मात्र हसत नाही. उतरताना मी आणा पुढे करतो.

"ऱ्हाऊ दे, मास्तर," तो म्हणतो. "तुमचा एकदा घेतला."

आणि पुढच्या उतारूपुढे हात पसरतो.