कातळाखालचे शेजारी

हजारो वर्षांपूर्वी मेलेल्या माणसांची झोप मोडू नये म्हणून कुजबुजत बोलणारा इसम अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात एकच असेल, आणि तो नेमका माझ्या बायकोचा काका निघाला. लोटे औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात यंत्रांच्या खडखडाटात नोकरी झाल्यामुळे काकांना हळू बोलणं मुळात ठाऊकच नव्हतं. निवृत्तीनंतर ते देवरूखजवळच्या गावी आले आणि आंब्याच्या कलमांना पाणी हवं म्हणून कातळात टाकी खोदायला घेतली. तिसऱ्या दिवशी पहार एकदम आत गेली. खाली कातळात कोरलेली, माणूस वाकून बसेल एवढीच खोली. आत मातीची दोन मडकी, त्यांत राख आणि हाडांचे तुकडे. त्या दिवसापासून काका कुजबुजायला लागले.

काकांचा धाकटा भाऊ म्हणाला, "मडकी कुठेतरी पुरून टाक आणि टाकी पुरी कर, नाहीतर कलमं सुकतील."

"कलमं पुन्हा लावता येतात," काका म्हणाले. उन्हाळाभर त्यांनी विहिरीवरून कळशीने पाणी वाहिलं, तरी सात कलमं गेलीच. वाडीतले लोक नारळ-शेंदूर घेऊन आले, तेव्हा काका आडवे आले. "देव नाहीत ते, माणसं आहेत. तुम्हाला कुणी शेंदूर फासलेला चालेल?" सर्वपित्रीला मात्र काकूंकडून त्या खोलीपाशी पान वाढून घेतलं, तेही अळणी, कारण त्या काळी मीठ मिळत होतं की नाही, याची त्यांना खात्री नव्हती. मला हसू फुटलं, तर म्हणाले, "जावईबापू, हसायचं तर अंगणात चला."

खोली सापडल्याचं कळवणारा अर्ज सरकारदरबारी त्यांनीच केला होता. यथावकाश एक प्राध्यापिका माणसं घेऊन आल्या. मोठ्या मडक्यात बाईची हाडं असावीत, लहानात मुलाची, असं त्यांनी सांगितलं. मोठं मडकं तपासणीला पुण्याला जायचं होतं, लहान मुंबईला. काकांनी कागदावर सही केली, पण दोन खोकी दोन गाड्यांत चढताना दिसली तसे ते जीपसमोर जाऊन उभे राहिले, आणि कित्येक महिन्यांनी त्यांचा कारखान्यातला आवाज वाडीने ऐकला.

"पोर एकटं कुठे पाठवता?"

"तपासण्या वेगळ्या आहेत हो, काका."

"मग एकीची झाली की दुसऱ्याची करा. घाई कुणाला आहे?"

प्राध्यापिकाबाई बाजूला जाऊन बराच वेळ फोनवर बोलल्या. परत आल्या आणि दोन्ही खोकी पुण्याच्या जीपमध्ये शेजारी शेजारी ठेवून घेतली.

गाड्या गेल्या. आता टाकी पुरी करू या, असं भाऊ काहीतरी सांगत होता. काकांचं लक्ष नव्हतं. रस्त्याकडे बघत त्यांनी मला विचारलं, "आंबा घाटात वळणं फार आहेत. सावकाश नेतील ना?"