भिडवू नयेत असे दोन तुकडे

टक्! तुटलेल्या वस्तूचे दोन तुकडे एकमेकांत चपखल बसताना असा एक इवलासा, तृप्त नाद उमटतो. कपाचा कान असो की बाहुलीचा हात, तो ऐकण्याचा मोह कुणाला आवरला आहे? मला तर नाहीच नाही. आणि गंमत अशी, की तो आवरण्याचाच मला पगार मिळतो!

धातू का तुटला, हे शोधणे हा माझा व्यवसाय. अणुभट्टीत इंधन उचलून ठेवणाऱ्या यंत्राच्या पकडीतली बोटभर पोलादी पिन लोहारा गावच्या एका कारखान्यात, इंधनाऐवजी नुसता ठोकळा उचलून पाहतानाच, दुभंगली. मालकांनी चाचणी घेणाऱ्या वनिताताईंवर ठपका ठेवला. "वजन जास्त नाई देलं जी म्या," त्या मला म्हणाल्या, "तुमीच पाहून सांगा मालकाले."

भंगलेला पृष्ठभाग म्हणजे धातूचा मृत्युपूर्व जबाब. सावकाश वाढत गेलेली जुनी चीर शिंपल्यावरच्यासारख्या नाजूक वलयरेषा मागे ठेवते. एकाच हिसक्याने तुटलेल्या धातूवर त्या नसतात. रेषा दिसल्या, की ताई निर्दोष! आणि त्या इतक्या हळव्या, की तुकडे परस्परांना कदापि भिडवू नयेत, हा आमचा पहिला धडा. नवशिक्यांना तो मी केवढ्या आवेशाने शिकवतो, म्हणून सांगू!

त्याच मी, भिंगाखाली धरण्याआधी, निव्वळ कुतूहल म्हणून, ते तुकडे जुळवले. दाबले. वर जरा फिरवलेही. टक्!

मग भिंगाखाली दिसले काय? चीर जिथून सुरू व्हायची, नेमकी तिथेच आरशासारखी गुळगुळीत चकाकी. आणि तीत, कल्पनेने म्हणा, माझेच विद्वान थोबाड. त्याच खेपेतल्या उरलेल्या पिना तपासल्या. त्यांत चीरच नव्हती. त्या निष्कलंक, म्हणजे मुक्या.

मालकांसमोर, ताईंच्या देखत सांगून टाकले, की पुरावा मीच पुसला. कबुलीने मन हलके होते म्हणे. माझे झालेही असते, पण ताई म्हणाल्या, "खरं बोलले, बेस केलं. पण माहं नाव आता कायनं साफ होईन जी?"

काल पुन्हा गेलो. चाचणीवरून काढलेल्या ताई आता माल बांधायला बसतात. शेजारच्या जिनिंगमधून उडालेला कापूस खिडकीत साचला होता, आणि त्या प्रत्येक नवी पिन वेगळ्या कागदात गुंडाळत होत्या. मला पाहून हसल्या.

"एकमेकीले लागू देत नाई, सर. तुमच्यापासूनच शिकली."

पलीकडे यंत्रांचा केवढा गदारोळ चालला होता! मला ऐकू आला तो एवढासा टक्. आणि दोन्ही हात आपसूक खिशांत गेले, वेगवेगळ्या.