लाल फडक्यातला खून

कुंभार पिंपळगावात रामकिसनची बायको दैवशाला म्हणजे फार देवभोळी बाई, असं सगळ्यांचं मत होतं. दुपारची भांडी आटोपली की ती हातपाय धुऊन ओसरीवर भिंतीला टेकायची, लाल फडक्यात बांधलेली पोथी सोडायची आणि चहाची वेळ होईपर्यंत मान वर करायची नाही. तेही मौनात. त्या घटकेला फडक्याच्या आत एखाद्या बंगल्यात कोणी कोणाचा गळा आवळत असे, हे गावाला ठाऊक नव्हतं. त्यावाचून गावाचं काही अडलंही नव्हतं. अडलं होतं ते दैवशालाचं.

हे फडकं आलं कुठून, ते सांगायला हवं. ती नवी नवरी होती तेव्हा पेटीत तळाशी एक कादंबरी लपवून आणली होती. नायिका घर सोडून निघाली, नेमकं तेव्हाच चुलीवरचं दूध उतू गेलं. सासू चतुराबाई ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, दोन दिवसांत विषय मिटला असता. ती शांतपणे म्हणाली, "वाचायचंच आसंल तर देवाचं वाच." दैवशालानं ऐकलं. देवघरातलं एक लाल फडकं मागून घेतलं आणि कादंबरी त्यात बांधली.

फडक्याचा गुण मोठा होता. पोथीला कोणी पारोशानं हात लावत नाही. पोथी वाचणाऱ्या बाईला मधूनच उठवून पाणी आण, शेळीला बघ, असं कोणी सांगत नाही. घरादारात, शेतात, गोठ्यात राबणाऱ्या बाईला दिवसात एवढी एकच जागा अशी मिळाली होती, जिथं तिला कोणी हाक मारत नव्हतं. ती जागा सोडायला ती वेडी नव्हती.

अडचण एकच आली. चतुराबाईला वाचता येत नव्हतं, आणि पोथी मोठ्यानं वाचायची असते, म्हणजे घराच्या कानावर पडते. एक दिवस ती जवळ येऊन बसली आणि हात जोडून म्हणाली, वाच. फडक्यात त्या दिवशी एक चेटकीण होती. दैवशालाच्या तोंडातून निघून गेलं, "माझं मौनाचं पारायण हाय, आत्याबाई." असं पारायण तिनं त्याच क्षणी शोधून काढलं होतं. चतुराबाई गुडघ्यावर हात टेकून उठली, आत गेली आणि पुन्हा कधी ऐकायला बसली नाही. बायकांत मात्र सांगत फिरायची की आमची सून मौनात वाचते, असं कोणाच्या घरी नाही. तसं खरंच कोणाच्या घरी नव्हतं.

पुस्तकं यायची गावच्या वाचनालयातून. बाजाराच्या दिवशी मेथी, मिरच्या, आणि त्यांच्या खाली पुस्तक. वाचनालय सांभाळायचा भारत. स्वभावानं भला माणूस, पण पुस्तक उघडून पाहण्याची सवय त्याला नव्हती. कपाटाच्या फळ्या वाकायला लागल्या म्हणून त्यानं एकदा सगळी पुस्तकं जाडीप्रमाणे लावली. जाड खाली, बारीक वर. तेव्हापासून कोणाचं पुस्तक, कशाचं पुस्तक, हा विचारच राहिला नाही. दैवशालानं एखाद्या मालिकेचा दुसरा भाग आणावा आणि पहिला मागावा, तर तो म्हणायचा, "गोष्ट हाय ना आत? मंग झालं."

भारतच्या या कारभारानं तिच्या वाट्याला सगळंच आलं. प्रेम आलं, भुतं आली, हेर आले, तलवारी आल्या, परग्रहावरची माणसंसुद्धा आली. एवढं वाचून ती खूश असेल असं कोणाला वाटलं, तर ते चूक आहे. ती चिडलेली असायची. प्रेमकथा सगळ्या थंड हवेच्या ठिकाणी. नायिकेच्या खांद्यावर शाल हवी म्हणून. जालन्याच्या उन्हात काय कोणाचं कोणावर मन बसत नाही? भुतं एकजात कोकणातली. आपल्याकडं पडक्या विहिरी काय कमी आहेत? खून मुंबईच्या बंगल्यात, तोही कॉफीत काहीतरी कालवून. यानात बसून माणसं कुठल्या कुठल्या ग्रहावर पोचायची आणि तिथली मंडळी पुण्यासारखं बोलायची. एक लेखक तिला पटायचा, कारण तो पहिल्याच पानावर प्रेत आणून टाकायचा. दुसरा एक चहाच्या कपाचं वर्णन पानपानभर करायचा. याच्या घरात कपबश्या दुसरंच कोणीतरी विसळत असणार, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

पण हे बोलायचं कोणाशी? रामकिसन पेपर उघडायचा तो कापसाचा भाव बघायला. भारतला जाडीपुढे काही कळत नव्हतं. शेजारच्या गोजरबाईजवळ एकदा ती भुताच्या गोष्टीबद्दल बोलायला गेली, तर गोजरबाईनं तिच्यावरून मीठमिरच्या ओवाळून टाकल्या. पोटात एवढ्या गोष्टी साठल्या होत्या आणि एकही बाहेर काढायची सोय नव्हती. फडक्यानं तिला हाकांपासून वाचवलं होतं, तसं माणसांपासूनही तोडलं होतं. तिला रागही यायचा आणि तो कोणावर काढावा हेही समजायचं नाही.

अशात तिला ते पुस्तक मिळालं. कव्हर गेलेलं, पहिली पानं गेलेली, शिवण उसवलेली. ना पुस्तकाचं नाव, ना लेखकाचं. घरी आणून उघडलं आणि ती सरळ होऊन बसली. गोष्ट गोदाकाठच्या गावातली होती. तिथं साखर कारखाना होता, उसाच्या गाड्यांची रांग होती, ऊस तोडणाऱ्या टोळ्यांच्या खोपी होत्या, आणि एका बड्या बागायतदाराचं प्रेत उसाच्या फडात मोळ्यांखाली सापडलं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी तिच्याकडं खून केला होता.

आणि लेखकाला ऊस कळत होता. तोडणारे मोळी बांधतात ती उसाच्याच वाढ्यानं, म्हणजे शेंड्याच्या हिरव्या पात्यानं. प्रेतावरच्या मोळ्यांतली एक मोळी मात्र सुतळीनं बांधलेली होती. फौजदाराच्या ते उशिरा लक्षात आलं, दैवशालाच्या लगेच आलं. म्हणजे खुनी टोळीतला नाही. मग राहिले तिघं: मयताचा भाचा, मयताची दुसरी बायको, आणि वजनकाट्यावरचा मुनीम. दैवशालाची पोळी तव्यावर जळायला लागली. शेळीला पाणी दाखवायचं राहून जाऊ लागलं. वाचताना श्वास कुठंतरी अडकून बसायचा आणि पान उलटल्यावर सुटायचा.

फौजदारानं सगळ्यांना वाड्याच्या अंगणात गोळा केलं. हातात ती सुतळी धरली आणि म्हणाला, खुनी इथंच उभा आहे. तेवढ्यात रामकिसन वेचणीला बाया आल्या म्हणून सांगत आला. दैवशालानं पानात उदबत्तीच्या पुड्याचा कागद घातला, फडकं बांधलं आणि शेतात गेली. पाच-दहाच पानं राहिली होती. दिवस मावळेपर्यंत कापूस वेचताना तिच्या मनात मुनीम होता.

परत आली तेव्हा दारात जीप उभी होती. गल्लीतल्या बायका गोदावरीला पहाटेच्या अंघोळीसाठी मुक्कामाला निघाल्या होत्या, येताना जांबला समर्थांच्या देवळात जाणार होत्या. जीपमध्ये गोजरबाई पुढं बसली होती आणि तिच्या मांडीवर लाल फडकं होतं.

चतुराबाईनं आनंदानं खुलासा केला. सुनेच्या पोथीची पानं सुटलेली तिनं पाहिली होती. खंडित पोथी घरात ठेवू नये, वाहत्या पाण्यात सोडावी. स्वतः अंघोळ करून, फडकं न सोडता, पाया पडून तिनं ती गोजरबाईच्या हाती दिली होती. आणि जांबहून नवी आणायला सांगितली होती, मोठ्या अक्षरांची.

दैवशालाला एकच वाक्य बोलायचं होतं. ती पोथी नाही, एवढंच. तोंड उघडलंही. पण जीपमध्ये गल्लीतल्या सगळ्या बायका, पुढं ड्रायव्हर, मागं दारात नवरा, आणि शेजारी सासू हात जोडून उभी. आजवरचं सगळं मौन तिच्या जिभेवर येऊन बसलं.

"सांभाळून सोडा," ती म्हणाली.

"खोल पाण्यात सोड गं गोजरे," चतुराबाईनं मागून सांगितलं. "काठाला लागून माघारी नको यायला."

जीप गेली. दैवशालानं त्या संध्याकाळी भाकरी थापल्या त्या शेजारच्या घरापर्यंत ऐकू गेल्या.

बाजाराच्या दिवशी ती भारतकडे गेली आणि पुस्तक हरवलं म्हणून सांगितलं. भारतनं तिची समजूत काढली की फाटकंच होतं, रद्दीतच जायचं होतं. दुसरी प्रत? नाव काय पुस्तकाचं, त्यानं विचारलं. नाव ठाऊक असतं तर तिनं तेच आधी सांगितलं नसतं का? लेखक कोण? तेही पान नव्हतं. भारतनं अंगठा आणि बोट यांत अंतर धरून विचारलं, एवढं जाड होतं का, आणि तेवढ्याच जाडीचं दुसरं काढून दिलं. ते कुक्कुटपालनावर होतं. तिनं ते टेबलावर आपटलं आणि रिकामी पिशवी घेऊन निघाली. मेथी घ्यायचीही विसरली.

घरी नवी पोथी वाट बघत होतीच. कोरं फडकं, करकरीत पानं. आता पहिली पोथी गेली तसं तिचं मौनाचं व्रतही संपलं असणार, असा हिशेब चतुराबाईनं केला होता आणि ती रोज दुपारी भिंतीशी येऊन बसू लागली. दैवशाला मोठ्यानं वाचायची. पोथीवर तिचा राग नव्हता, पोथीनं तिचं काय वाईट केलं होतं? पण ओवी तोंडात असताना डोळ्यापुढं अंगण यायचं, त्यात तिघं उभे, फौजदाराच्या हातात सुतळी. पुढं तो काय बोलला असेल? जेवणात लक्ष नव्हतं, कामात नव्हतं. रामकिसननं भाजीत मीठ नसल्याचं बोलून दाखवलं, तेव्हा तिनं मिठाचा डबाच त्याच्यापुढं ठेवला.

आणि सगळ्यांत जास्त राग तिला स्वतःचा यायचा. एक वाक्य. तेवढं बोलता आलं नाही.

असेच काही दिवस गेले. एका दुपारी अध्याय संपला आणि चतुराबाई लगेच उठली नाही.

"एक इचारू का?" ती म्हणाली. "जुनी पोथी वाचताना तू श्वास धरायचीस. म्या आतून बघत व्हते. ह्या पोथीला तसं व्हईना. ह्यात काय कमी हाय का?"

दैवशालानं पोथी मिटली. नीट फडक्यात बांधली, बाजूला ठेवली. मग इतके दिवस अडलेलं सगळं एकदम बाहेर आलं.

"आत्याबाई, ती पोथी नव्हती. खुनाची गोष्ट व्हती. पाच-दहा पानं राह्यल्ती, आन् तुमी ती गोदावरीत बुडवली."

दैवशालाला वाटलं, आता सासू कपाळ बडवून घेईल, रामकिसनला हाक मारेल, गल्ली गोळा करील. म्हातारीनं पदर सावरला.

"कोणाचा खून?"

दैवशाला सांगायला लागली. आधी तुटक, मग भरभर. बागायतदार, त्याची दुसरी बायको, भाचा, काट्यावरचा मुनीम. चहाची वेळ येऊन गेली. चतुराबाई तरुणपणी स्वतः तोडीला गेली होती, त्यामुळे फड कसा असतो हे तिला सांगावं लागलं नाही. सुतळीपाशी गोष्ट आली तशी ती पुढं सरकली. वाढं सोडून सुतळी कोण वापरतं, असं तिनंच विचारलं. मग अंगण आलं, फौजदार आला.

"मंग?"

"मंग काय न्हाई. पुढचं पाण्यात गेलं."

चतुराबाईचा चेहरा बघण्यासारखा झाला. मग ती अशी भडकली की दैवशालानं तिला एवढं भडकलेलं कधी बघितलं नव्हतं. गोष्ट वाचली म्हणून नाही. "तवा काय तोंडात गुळणी धरल्ती? जीपम्होरं आडवी व्हायचंस. आन् मला मौन म्हनून सांगितलंस. इतकी वर्सं घरात एवढं घडून राह्यलं आन् म्या आत बसून जपमाळ वढत व्हते."

दैवशालानं पोथी उचलून देवघरात ठेवली. रात्रीच्या जेवणाला दोघी एकमेकींकडं पाठ करून बसल्या आणि रामकिसननं शहाणपणानं भाजीबद्दल काही काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दैवशालानं हातपाय धुतले आणि पोथीचं फडकं सोडायला घेतलं. चतुराबाईनं वरून हात ठेवला.

"थांब जरा. भाचा बिलकुल न्हाई. भाच्याचं नाव समदे घेत्यात, म्हंजी तो नसतोच."

"मला मुनीमावर शक हाय," दैवशाला म्हणाली. "सुतळी काट्यावरच असती, पोती शिवायला."

"सुतळी घरात बी असती. ती दुसरी बायको काय कमी हाय का? ह्ये बघ, मोळी बांधली ती बसून का उभ्यानं? गाठ कोण्या अंगाला व्हती?"

"ते फौजदार सांगणारच व्हता."

"मंग सांगितलं का न्हाई?"

"त्याच पानात व्हतं, आत्याबाई."

चतुराबाईनं पोथीवरचा हात उचलला आणि आपल्या कपाळावर मारून घेतला.

"आन् त्या गोजरीला," ती म्हणाली, "खोल पाण्यात सोड म्हनून म्याच सांगितलं."