तांदळात पाला घालून ठेवलेल्या गोळ्या

माझी आई कधी काही टाकायची नाही. वडील गेल्यावर ती बीडकडच्या खेड्यातून आमच्याकडे आकुर्डीला राहायला आली, तेव्हा सामान काय, तर चार लुगडी, सुपारीचा अडकित्ता आणि तांदळाचा पत्र्याचा डबा. "अगं, इथे डबे मिळत नाहीत का?" मी म्हटलं. "आसू दे की," ती म्हणाली. तिचं सगळ्याला तेच उत्तर.

वडिलांच्या दुःखात तिचं जेवण तुटलं, झोप उडाली. दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसायची. शेजारणी म्हणाल्या, बाहेरचं काही असेल, उतरवून टाका. म्हटलं, गप बसा. महाळुंग्याच्या कंपनीत रजा टाकून मी तिला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी उदासीवरच्या गोळ्या लिहून दिल्या, रोज एक. दीडेक महिन्यात बाई मटकीला मोड आणायला लागली, नातीशी भांडायला लागली. मला वाटलं, सुटलो बाई एकदाचे.

पुढे मात्र पुन्हा उतरती कळा लागली, ती वर्षानुवर्षं. दुपार झाली की डोळ्यांना पदर. डॉक्टर विचारायचे, "आजी, गोळी रोज घेता ना?" "व्हय तर!" ती ठसक्यात सांगायची. दर महिन्याला पट्ट्या मीच आणून देत होते, त्या संपत होत्या, मग शंका कुठून येणार? मी डॉक्टरांवरच करवादले, की नीट औषध द्या, नाहीतर आम्ही डॉक्टर बदलतो. बिचाऱ्यांनी पुन्हा तीच गोळी लिहून दिली.

मागच्या उन्हाळ्यात तिच्या हृदयाने दगा दिला. दवाखान्यात खाटेवरून तिने माझं मनगट धरलं. "तांदळाच्या डब्यात तळाला पिशवी हाय. मपल्या गोळ्या हायेत. तुपला बाप गेला तवा मला लागल्या. म्या गेल्यावर तुला लागत्याल."

"आई, उगाच काहीबाही बोलू नकोस," मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी ती गेली.

तेराव्यानंतर डबा उपसला. तळाशी दुधाच्या पिशवीत गोळ्यांच्या पट्ट्या, आणि पट्ट्यांच्या मधेमधे कडुनिंबाचा वाळका पाला. धान्याला कीड लागू नये म्हणून घालतात ना, तसा. गोळ्यांना कीड! "अडाणी कुठली! ही काय तूरडाळ आहे का?" मी रिकाम्या घरात ओरडले, आणि तिथेच सांडलेल्या तांदळात बसून ढसाढसा रडले. पिशवी तशीच कपाटात ठेवून दिली.

पण तिचं म्हणणं खरं झालं. कंपनीची बस महाळुंग्याला पोचली तरी मला जागेवरून उठवेना. "ताई, आलं की," ड्रायव्हर म्हणायचा. घासाला चव राहिली नाही. भांडल्याशिवाय माझा एक दिवस जायचा नाही, ती मी कुणाशी भांडेना. नवरा त्यालाच घाबरला आणि मला त्याच डॉक्टरांकडे घेऊन गेला. निघताना मी कपाटातली पिशवी बरोबर घेतली. आईने माझ्यासाठी ठेवल्यात, तर त्याच खाईन म्हटलं.

डॉक्टरांनी एकेक पट्टी उलटी करून तारीख वाचली. "बहुतेकांची मुदत संपलीय, बाकीच्यांचाही आता भरवसा नाही. या घ्यायच्या नाहीत." मग पिशवी झटकली तर टेबलावर काही सुट्या गोळ्या पडल्या. सगळ्या अर्ध्या. मधोमध साफ कापलेल्या.

"आजी किती घेत होत्या?" त्यांनी हळूच विचारलं.

माझ्या डोळ्यांसमोर घरातला अडकित्ता आला. गोळी कातरून ती रोज अर्धीच खात होती, उरलेली अर्धी दुसऱ्या दिवशी, आणि वाचलेल्या पट्ट्या डब्यात. म्हणून दुपारचा पदर. म्हणून माझा डॉक्टरांवरचा राग. माझ्यासाठी साठवायचं म्हणून माझी आई इतकी वर्षं अर्धी आजारी राहिली, आणि साठवलेलं मला घेताही येईना. मी त्या खुर्चीत अशी रडले की नवऱ्याने बाहेरून दार ढकललं.

डॉक्टरांनी मला नव्या गोळ्या लिहून दिल्या, आईच्याच. जुन्यांचं काय करायचं तेही सांगितलं. मोरीत ओतू नका, कुणाला देऊ नका. पट्टीतून काढा, चहाच्या चोथ्यात कालवा, पिशवीला गाठ मारून घंटागाडीत द्या. मी तसंच केलं. एकेक गोळी काढताना वाटत होतं, ही तिची कुठली दुपार असेल. गाडीवाल्या बाईने पिशवी घेतली आणि गाडी पुढच्या गल्लीत वळली. पाला तेवढा मी ठेवून घेतला.

परवा सकाळी मी माझी गोळी तळहातावर घेतली. समोर लेक डबा भरत होती, कॉलेजला उशीर झाला म्हणून माझ्यावरच खेकसत होती, अगदी माझ्यासारखी. मांडणीवर आईचा अडकित्ता होता. मनात आलं, माझ्यामागे हिला कोण आहे? आईशप्पथ सांगते, माझा हात अडकित्त्याकडे गेला.

"आई, घे ना लवकर, काय बघत बसलीस?" लेक ओरडली.

मी तिच्या तोंडाकडे बघत अख्खी गोळी गिळली.